आधी बसावं, मग बोलावं

मला सामोआला जायचं होतं. एकोणऐंशी सालच्या जानेवारीत दहिवलीत कुणी हे वाक्य बोललं असतं, तर लोकांनी आधी त्याची दृष्ट काढली असती आणि मग विचारलं असतं, "म्हणजे कल्याणच्या अलीकडं की पलीकडं?" मी बोलले. मला दोन्ही मिळालं, दृष्टही आणि प्रश्नही.

मी नर्सबाई. कर्जतच्या डोंगरपायथ्याला एका उपकेंद्रात पाच वर्षं काम करत होते. वय अठ्ठावीस, लग्न झालेलं नाही आणि जीभ तिखट. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे गावातल्या बायका मला दर सणाला समजावून सांगायच्या. अशात एक दिवस तालुक्याहून कागद आला. पश्चिम सामोआ नावाच्या देशाला खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या नर्स पाहिजेत, दोन वर्षांसाठी. निवड करायला तिथल्याच एक बाई येणार, आणि त्या तोंडी परीक्षेबरोबर कामही प्रत्यक्ष पाहणार. आपल्या भागातून एकच जागा. अर्ज दोन गेले. एक खालापूरच्या मैना सिस्टरचा आणि दुसरा माझा.

कागदासोबत चार पानांचं एक इंग्रजी माहितीपत्रक होतं. तिथलं राहणं, तिथलं काम, तिथली भाषा. मी ते डिक्शनरी घेऊन वाचलं. चार पानांना मला नऊ दिवस लागले, आणि रोज संध्याकाळी जेवढं समजलं तेवढं मी माझ्या आबांना सांगायचे. आबा म्हणजे बुधाजी, माझे वडील. दहिवलीच्या वेशीवर आमची भाताची खाचरं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघं आणि एक म्हैस.

"तिथल्या घरांना भिंती नसतात, आबा. नुसते खांब आणि वर छप्पर."

"आं? मग चोर शिरतो कुटून आन् पळतो कुटून?"

"सगळ्यांना सगळं दिसतं म्हणून चोरी होत नसेल."

"भात खातात का गं?"

"कंद, केळी, नारळ. आणि मासे."

"मासं हायत ना? मग झालं तं. जा तू."

तिसऱ्या पानावर वागण्याचे नियम होते. कुणाच्या घरी गेलं की मांडी घालून बसायचं. माणसांच्या दिशेनं पाय लांब करायचे नाहीत. आणि घरात उभं राहून बोलायचं नाही. आधी बसावं, मग बोलावं. हे वाचून दाखवल्यावर आबा गडगडून हसले. "आपल्याकडं आंथरूण पाहून पाय पसरायचं, आन् तिथं पसरायचंच नाय!"

शेवटच्या पानावर लिहिलं होतं की ऑफिसात इंग्रजी चालते, पण खेड्यात सामोआची भाषाच लागते आणि नर्सनं ती सहा महिन्यांत शिकावी अशी अपेक्षा आहे. खाली दहा शब्द दिले होते. मी ते पाठ केले. माझ्याआधी आबांचे झाले. सकाळी गोठ्यात जाऊन ते म्हशीला "तालोफा" म्हणायचे, म्हणजे नमस्कार. म्हैस शेपूट हलवायची. आबांना वाटायचं तिला कळतंय.

शाळेत जाऊन मी जगाच्या नकाशात सामोआ शोधलं. सापडेना. गुरुजींनी चष्मा लावून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हिरू, तुझा देश खिळ्याखाली गेलाय." नकाशाच्या पार डाव्या कडेला, जिथं तो भिंतीला ठोकला होता, तिथंच सामोआ. मी पकडीनं तो खिळा काढला. भोकाच्या बाजूला दोन ठिपके होते. ते ठिपके पाहिले आणि मी गुरुजींच्या देखत टाळी वाजवली. मला जायचंच होतं. आयुष्यात मी अलिबागच्या पलीकडं गेले नव्हते, आणि अलिबागलाही ट्रेनिंगपुरती.

आता कोंडीआजीबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय यातलं काहीच घडलं नसतं.

माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत बोरीची वाडी येते. ठाकरांची वाडी, डोंगराच्या उतारावर तीस-पस्तीस झोपड्या. कोंडीआजी तिथली सुईण. मी पहिल्यांदा वाडीवर गेले तेव्हा कडक इस्त्रीची पांढरी साडी, हातात रजिस्टर, आणि अंगणात उभी राहून विचारत सुटले, कोण गरोदर आहे, कुणाला ताप आहे. एक बाई तोंड उघडेना. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला कोंडीआजीनं माझा पदर धरला आणि मला खाली ओढलं. मी सारवणावर धप्पकन बसले.

"आता बोल," ती म्हणाली. "उबं राहून कोन बोलतं? फारेस्टवाला, नायतं पोलीस. त्यांना आमी काय सांगत नसतो."

त्या दिवसापासून मी वाडीवर कधी उभ्यानं बोलले नाही. आधी बसायचं, बसल्यावर जरा वेळ गप्प राहायचं, मग कोंबड्यांची चौकशी, मग माणसांची. वाडीची बोली आमच्या दहिवलीच्या बोलण्याहून वेगळी. तीही मी तशीच बसून बसून शिकले. कोंडीआजी माझ्या चुका ऐकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची, पण सांगायची.

म्हणून अर्जात "येणाऱ्या भाषा" असा रकाना आला तेव्हा मी ऐटीत चार नावं लिहिली. मराठी, हिंदी, थोडी इंग्रजी आणि ठाकरी. आमच्या डॉक्टरसाहेबांनी अर्ज वाचला आणि लाल पेन्सिलीनं चौथं नाव खोडलं.

"सिस्टर, ही भाषा नव्हे, बोली. परदेशी लोकांपुढं हसं करून घेऊ नका."

डॉक्टरसाहेब माणूस वाईट नव्हते. पुण्याचे, स्वच्छ, वेळेचे पक्के, आणि माझी निवड व्हावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. फक्त वाडीवर त्यांचं काम उंटावरून शेळ्या हाकण्याचं होतं. त्यांनी मला आठ दिवस तयारी करून घेतली. पाहुण्या बाईंसमोर ताठ उभं राहायचं. रजिस्टर उजव्या हातात. इंग्रजीतून बोलायचं. "आणि कृपा करून त्या जमिनीवर फतकल मारून बसू नका. साडी खराब होते, शोभत नाही." मी हो म्हणाले. भांडखोर म्हणून माझी ख्याती, आणि तरी हो म्हणाले. सामोआच्या लोभानं माझी जीभ लोण्याची झाली होती. माहितीपत्रकातला नियम मला पाठ होता, पण तो तिथला नियम. इथं परीक्षा, आणि परीक्षेत ताठ उभं राहायचं असतं, एवढंच डोक्यात बसलं होतं.

निवड करणाऱ्या सामोआच्या बाई, लोसाबाई, आल्या त्या दिवशी मी पहाटेपासून उपाशी होते. जीपमधून त्या उतरल्या आणि जीप चार बोटं वर आली. उंच, रुंद, रंग आमच्यासारखाच गव्हाळ-सावळा, कमरेला फुलाफुलांचं लुंगीसारखं वस्त्र आणि वर सदरा. हसल्या की खांदे हलायचे. मी पुढं होऊन म्हणाले, "तालोफा." त्यांनी मोठ्यानं काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. त्यातलं मला काही कळलं नाही. माझे दहा शब्द पहिल्याच शब्दाला संपले होते, आणि तरी मला आनंदानं उडी मारावीशी वाटत होती.

आधी मैना सिस्टरची पाळी होती. ती सकाळी खालापूरकडं होऊन गेली होती. तिचं इंग्रजी धबधब्यासारखं. आता तीही आमच्याबरोबर वाडीवर आली. ओढ्यापर्यंत जीप, पुढं अर्धा तास चढण.

कोंडीआजीच्या अंगणात बाया जमल्या होत्या. मी अंगणाच्या मधोमध ताठ उभी राहिले. रजिस्टर उजव्या हातात. शेजारी डॉक्टरसाहेब, मैना सिस्टर, लोसाबाई. मी इंग्रजीतून पाठ केलेलं सुरू केलं, या वाडीत इतकी कुटुंबं, इतक्या गरोदर, इतकी लसटोचणी. मग शुद्ध मराठीत बायांना विचारलं, "कोणाला काही त्रास होत आहे का?"

कुणी बोललं नाही.

"मंगळी, तुला सातवा ना? तब्येत कशी आहे?"

मंगळी खांबाला टेकून बसली होती. वीस-एकवीसची पोर, पहिलंच बाळंतपण. ती जमिनीकडं पाहत म्हणाली, "काय नाय. बरी हाय."

लोसाबाईंचं हसू कमी कमी होत गेलं. त्या माझ्याकडं पाहत होत्या आणि त्यांच्या तोंडावर कंटाळा होता. गेलं सामोआ. गेले ते दोन ठिपके. पाच वर्षं या बाया माझ्याशी घसा बसेपर्यंत बोलल्या होत्या, आणि नेमक्या आजच मुक्या झाल्या. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू!

तेवढ्यात कोंडीआजी तिच्या बोलीत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "आज फारेस्टवाली होऊन आलीस का गं?"

माझा राग जागच्या जागी विरला आणि त्याजागी लाज आली. मी डॉक्टरसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. मी मंगळीकडं पाहिलं. आणि आता पाहिलं, खरंखुरं पाहिलं. तिच्या पायातले वाळे मांसात रुतले होते. पाऊल टम्म सुजलं होतं. ती सूज मला उभ्यानं दिसत होती, पण मी पाहुण्यांचं तोंड पाहत होते.

मी रजिस्टर ठेवलं आणि पांढऱ्या साडीसकट सारवणावर मांडी घातली. मंगळीच्या समोर, गुडघ्याला गुडघा. जरा वेळ गप्प बसले. मग तिच्या बोलीत विचारलं, "तुजी ती पिवळी कोंबडी खुडूक बसलीय का अजून?"

मंगळी हसली. म्हणाली बसलीय, नऊ अंडी हायत. आणि मग त्याच दमात, तसंच खाली पाहत, सांगू लागली. दोन दिवस डोकं फुटतंय. डोळ्यांपुढं काजवे चमकतात. सकाळी एका चुलीच्या दोन दिसल्या. एवढ्या लोकांत कसं सांगू, म्हणून बोलले नाही.

मी बीपीचं यंत्र काढलं. पारा एकशे सत्तरवर. परत घेतलं. एकशे सत्तर. मी मान वर केली तर माझ्या शेजारी जमिनीवर कुणीतरी मांडी घालून बसलेलं. लोसाबाई. कधी बसल्या मला कळलंही नाही. त्यांनी आकडा पाहिला, मंगळीच्या पायावर अंगठा दाबला, खड्डा तसाच राहिला. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. त्या नजरेला कुठलीच भाषा लागली नाही. गरोदरपणातले झटके यायच्या वाटेवरच होते, आणि झटके आले तर आई आणि बाळ दोन्ही हातचे जातात.

"डॉक्टरसाहेब, कर्जतला न्यायला पाहिजे. आत्ताच्या आत्ता," मी ओरडले. मराठीतूनच ओरडले.

डॉक्टरसाहेबांनी एकदाच नाडी पाहिली आणि त्यांचाही चेहरा बदलला. "न्या," ते म्हणाले. "पळा."

मग जी धांदल उडाली! कोंडीआजीच्या लेकानं, पोशानं, बांबू आणला. घोंगडीची झोळी झाली. मंगळीचा नवरा लाकडं तोडायला गेला होता, त्यामुळं बांबूच्या दुसऱ्या टोकाला माणूस नव्हता. मी खांदा द्यायला पुढं झाले तर लोसाबाईंनी मला एका हातानं बाजूला सारलं, फुलाफुलांचं वस्त्र गुडघ्यापर्यंत खोचलं आणि बांबूखाली खांदा घातला. पुढं पोशा, मागं लोसाबाई. एखादी भाताची पेंढी उचलावी तशी त्यांनी मंगळी उचलली. मी मंगळीच्या तोंडाजवळ, तिच्याशी तिच्या बोलीत अखंड बडबडत. कोंडीआजी मागं शिव्या देत, कुणाला ते कळेना. अर्ध्या तासाची उतरण आम्ही दहा-बारा मिनिटांत उतरलो असू.

जीपमध्ये मंगळी, मी, कोंडीआजी आणि लोसाबाई. लोसाबाईंनी मंगळीचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या भाषेत हळू काहीतरी गुणगुणत राहिल्या. बाकीच्यांना जागाच उरली नाही. मैना सिस्टर आणि डॉक्टरसाहेब ओढ्याकाठी उभे राहिलेले मला मागून दिसले, आणि तेव्हा आठवलं की माझी तोंडी परीक्षा व्हायची राहिली. गेली ती. साडी शेणामातीनं भरलेली, वेणी सुटलेली, इंग्रजीचं एक धड वाक्य नाही. खरं सांगते, रडू आलं. पण मंगळीनं माझं बोट घट्ट धरलं होतं, आणि रडायला मोकळा हात नव्हता.

कर्जतला इंजेक्शन मिळालं, औषध सुरू झालं. दुपारी तीनला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, पारा उतरतोय, वेळेत आणलीत. कोंडीआजीनं तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटले. मी तिच्या शेजारी फरशीवर टेकले.

एवढ्यात डॉक्टरसाहेब आणि मैना सिस्टर एका टेंपोतून येऊन पोचले, धुळीनं पांढरे. डॉक्टरसाहेबांनी आधी मंगळीची चौकशी केली आणि मग लगेच व्हरांड्यात दोन खुर्च्या समोरासमोर मांडायला लावल्या. "मॅडम, आमच्या सिस्टरची परीक्षा अजून घेता येईल. मी विनंती करतो." माझ्यासाठी ते कुणासमोर विनंती करतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

लोसाबाईंनी खुर्च्यांकडं पाहिलं. मग त्या माझ्याजवळ, व्हरांड्याच्या फरशीवर, मांडी घालून बसल्या. पिशवीतून माझा अर्ज काढला. सावकाश, सोप्या इंग्रजीत बोलू लागल्या. नंतर कळलं की त्यांनाही इंग्रजी शाळेतच भेटली होती, माझ्यासारखी.

"हे काय खोडलंय?"

"वाडीत बोलतात ती, बाई."

"सकाळी तू बसल्यावर बोललीस ती?"

"हो."

"त्या मुलीनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, ते या भाषेत?"

"हो."

त्यांनी पेन काढलं आणि लाल रेघेच्या वर ते नाव परत लिहिलं, ठळक. डॉक्टरसाहेब शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"शिकायला किती दिवस लागले?"

"भांडण्यापुरती सहा महिन्यांत आली," मी म्हणाले. "बाकीची अजून शिकतेच आहे."

लोसाबाईंचे खांदे हलायला लागले. "आमच्याकडं भांडायला भरपूर बायका आहेत," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये ये."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात अशी किंचाळले की वॉर्डबॉय धावत आला. मैना सिस्टरनं मला मिठी मारली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं आणि तरी मारली, हे मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी शेतात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, अंडी, तोंडाशी भांबुर्डीचा पाला, मडकं उलटं करून वरून जाळ. लोसाबाई आगीभोवती पोरीसारख्या नाचल्या. त्यांच्याकडं रविवारी तापलेल्या दगडांवर, पानांखाली असंच सगळं भाजतात म्हणे. आबा त्यांना "तालोफा" म्हणाले, आणि त्यांनी तेच लांबलचक उत्तर दिलं. आबा मला म्हणाले, "म्हैस यवढं बोलत नाय गं."

मग आठवडाभर मी तरंगतच होते. मंगळी दवाखान्यात सुखरूप होती, पासपोर्टचे कागद गेले होते. फक्त बोरीच्या वाडीचं नाव काढलं की मी विषय बदलायचे. शेवटी गेले. कोंडीआजी अंगणात मोहाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसली होती. मी बसले. गप्प राहिले. कोंबड्यांचं विचारलं. आणि मग सांगितलं, "आजी, दोन वर्षं मी नसेन."

तिनं पत्रावळीला काडी टोचली. "तितं लोक बसून बोलतात?"

"बसूनच. उभ्यानं बोललं तर चालत नाही."

"मंग चांगली मानसं हायत."

"पण आजी, तुमच्याकडं आता नवीन बाई येईल. शहरातली असेल. तिला बोली येणार नाही, काही येणार नाही. ती उभी राहूनच विचारील. तुमचं कसं होणार?" एवढा वेळ धरून ठेवलेलं रडू बाहेर आलंच.

कोंडीआजीनं पत्रावळ बाजूला ठेवली आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं पहिल्या खेपेच्या त्या इस्त्रीच्या साडीकडं पाहिलं असेल.

"येऊ दे की," ती म्हणाली. "तिला काय पदर नसंल?"